हिवाळ्यातील जेवणाची राइड: आखणी परतीपासून सुरू करावी

हिवाळा लागला की बहुतेक मोटरसायकल क्लबांचे लांब पल्ल्याचे दौरे थांबतात आणि सदस्यांनी एकत्र येण्याचे एकच निमित्त उरते, ते म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंतची राइड. अंतर थोडे, मुक्काम नाही, सामान नाही, म्हणून ती सोपी समजली जाते आणि तिची तयारीही वरवरचीच होते. प्रत्यक्षात थंडी, अपुरा उजेड आणि निसरडा रस्ता या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सांभाळाव्या लागतात, त्याही वेगवेगळ्या गाड्यांवरच्या आणि वेगवेगळ्या अनुभवाच्या पंधरा-वीस जणांना बरोबर घेऊन. जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास उतरतो अशा कोणत्याही प्रदेशात ही राइड आखणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

वेळापत्रक उलटे लिहावे

आयोजक सहसा आधी हॉटेल ठरवतात, मग निघण्याची वेळ ठरवतात, आणि परतीचे ‘जेवण झाले की निघू’ एवढ्यावर सोडून देतात. क्रम नेमका याच्या उलट हवा. कागदावर सर्वांत आधी त्या दिवसाच्या सूर्यास्ताची वेळ लिहावी आणि शेवटचा रायडर त्याच्या किमान पाऊण तास आधी घरी पोहोचेल असे धरून मागे मागे मोजत यावे. समजा सूर्यास्त साडेचारला आहे आणि परतीचा रस्ता ७० किलोमीटरचा आहे. एकटा माणूस ज्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरची सरासरी सहज राखतो, तिथे थंडीतल्या समूहाने ४५ च्या पुढचा हिशेब धरू नये. म्हणजे परतीला दीड तासाहून थोडा अधिक वेळ लागेल आणि हॉटेलसमोरून दोन वाजता गाड्या हलल्या पाहिजेत. वीस जणांच्या जेवणाला, हेल्मेट काढण्यापासून ते पुन्हा चढवण्यापर्यंत, पावणेदोन तास लागतातच, म्हणून सव्वाबाराला पोहोचणे आले. जाताना थोडा लांबचा, ९० किलोमीटरचा रस्ता आणि मध्ये एक थांबा धरला तर सकाळी दहाला निघावे लागेल.

दहाची ही वेळ दुसऱ्या कारणासाठीही बरी असते. निरभ्र रात्री रस्त्याची उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि दिवसातले सर्वांत कमी तापमान पहाटे नव्हे, तर सूर्योदयाच्या आसपास किंवा त्यानंतर थोड्या वेळाने नोंदले जाते. त्यामुळे ‘उजाडल्या उजाडल्या निघू’ हा उन्हाळ्यातला उत्साह हिवाळ्यात चुकीच्या वेळी रस्त्यावर आणतो. तारीख निवडताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मध्यम अक्षांशांवर वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त सर्वांत लहान दिवशी नसतो, तर त्याच्या साधारण एक ते दोन आठवडे आधी असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर तितक्याच दिवसांनी येतो. उत्तर गोलार्धात याचा अर्थ असा की डिसेंबरच्या पूर्वार्धातली दुपार सर्वांत तोकडी असते, तर जानेवारीच्या सुरुवातीची राइड थोडी उशिरा सुरू करून थोडी उशिरा संपवता येते.

रस्ता निवडतानाही आधी परतीचा निवडावा. जाताना रस्ता वळणावळणाचा, रम्य आणि लांबचा असायला हरकत नाही, कारण तेव्हा सगळे ताजेतवाने असतात आणि ऊन वाढत असते. येताना मात्र रुंद, वाहता, मीठ टाकून बर्फ वितळवलेला आणि शक्य तितका थेट रस्ता घ्यावा. त्याची दिशाही पाहावी. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य नैर्ऋत्येला मावळतो आणि दिवसभर क्षितिजाच्या जवळच असतो. परतीचा रस्ता त्याच दिशेने जात असेल तर रायडरचे डोळे दिपतात. उलट दिशेने जात असेल तर समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात आणि त्याला मोटरसायकल दिसतच नाही. यांतला दुसरा धोका मला अधिक मोठा वाटतो, कारण आपल्याला सगळे स्वच्छ दिसत असल्यामुळे समोरच्यालाही आपण दिसतो आहोत असा आपला समज होतो.

दाट झाडीखालचे पट्टे, डोंगराच्या सावलीतली वळणे आणि नदीकाठचे सखल भाग नकाशावर आधीच खूण करून ठेवावेत. पुलांवर विशेष लक्ष द्यावे, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते आणि अलीकडचा-पलीकडचा रस्ता कोरडा असतानाही पुलावर बर्फ धरलेला असू शकतो. शक्य असल्यास आयोजकाने राइडच्या एक-दोन दिवस आधी त्याच वेळेला हा रस्ता फिरून पाहावा, चारचाकीतून पाहिला तरी चालेल.

रद्द करण्याचा नियम आधीच ठरवावा

राइड होणार की नाही हे एकाच व्यक्तीने ठरवावे आणि ते कोणत्या आधारावर ठरणार हे सर्वांना आधी माहीत असावे. हवामानखाते सांगते ते तापमान जमिनीपासून सुमारे दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचे असते. हवा ३ अंशांवर असताना सावलीतला रस्ता शून्याखाली असणे शक्य आहे. म्हणून निघण्याच्या वेळी तापमान ३ अंशांच्या वर आणि चढते असावे, आदल्या रात्री पाऊस किंवा बर्फ पडून लगेच गोठण झालेली नसावी, आणि दाट धुके नसावे, असे ढोबळ निकष पुरेसे होतात. निर्णय दोनदा घ्यावा, एकदा आदल्या संध्याकाळी आणि एकदा निघण्याच्या दोन तास आधी, आणि तो क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका वाक्यात कळवावा. त्यावर चर्चा सुरू झाली की जो सर्वांत उत्साही असतो त्याचेच म्हणणे टिकते, म्हणून ती होऊ देऊ नये.

राइड रद्द झाली तरी जेवण रद्द करू नये. ज्यांना यायचे आहे त्यांनी चारचाकीने, एकेका गाडीत चौघे बसून यावे. ही मुभा असली की संशयास्पद हवेत ‘आता ठरलेच आहे तर जाऊ’ हा दबाव आपोआप उतरतो. राइड होत असतानाही एखाद्या सदस्याला सकाळी हुरूप वाटला नाही, तर त्याने गाडी घरी ठेवून थेट जेवणाला येण्यात काही कमीपणा मानू नये.

हॉटेलशी काय बोलून ठेवावे

वीस जण हेल्मेटसह अचानक दारात उभे राहिले तर चांगल्या हॉटेलचीही तारांबळ उडते. आठवडाभर आधी फोन करून संख्या, पोहोचण्याची वेळ आणि निघण्याची वेळ या तीनही गोष्टी सांगाव्यात. निघण्याची वेळ सांगायला बहुतेक जण विसरतात आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. मेन्यू आधी मागवून प्रत्येकाची ऑर्डर दोन दिवस आधी कळवली तर किमान अर्धा तास वाचतो. बिले स्वतंत्र मिळतील का, की एकानेच भरायचे आणि वाटणी नंतर करायची, हेही फोनवरच ठरवून घ्यावे.

गाड्या लावायची जागा कडक आणि सपाट हवी. रात्री गोठलेली माती सकाळी दगडासारखी लागते, पण दुपारच्या उन्हात ती वरून सैल होते आणि साइड स्टँड हळूहळू आत रुतत जाऊन गाडी आडवी होते. मातीवरच लावायची वेळ आली तर स्टँडखाली ठेवायला प्रत्येकाकडे एक चपटी फळी किंवा प्लॅस्टिकची चकती असावी. आत जॅकेटे आणि हेल्मेटे ठेवायला एखादा कोपरा किंवा रिकामे टेबल मागून घ्यावे, नाहीतर ती खुर्च्यांवर आणि येण्याजाण्याच्या वाटेत पसरतात.

गाडी आणि कपडे

टायरमधली हवा राइडच्या दिवशी सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, त्यामुळे शरद ऋतूत भरलेली हवा हिवाळ्यात दोन-तीन पीएसआयने कमीच निघते. पकड वाढेल म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवण्याचा सल्ला काही जुने रायडर देतात. तो मानू नये आणि गाडीच्या पुस्तिकेतलाच दाब ठेवावा. ट्रॅकसाठी बनवलेले टायर थंडीत तापतच नाहीत, तेव्हा अशा टायरांच्या गाडीऐवजी दुसरी गाडी असल्यास ती आणावी. बॅटरी हा हिवाळ्यातला नेहमीचा दगाबाज भाग आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता शून्य अंशावर जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. आदल्या रात्री चार्जर लावून ठेवावा. चार्जर काढून काही तास झाल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या खाली दिसत असेल तर तिच्यावर विसंबू नये. पेट्रोलची टाकी घरून भरूनच यावे.

कपड्यांच्या बाबतीत मुख्य शत्रू तापमानापेक्षा वारा असतो. हवामानखात्यांच्या प्रचलित सूत्रानुसार ५ अंशांच्या हवेत ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला उणे ३ अंशांसारखा जाणवतो. म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा अंगालगत मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट अशी रचना करावी. अंगालगत सुती कपडा घालू नये, कारण तो घाम धरून ठेवतो आणि थांबल्यावर तोच घाम गार पडतो. थर इतकेही नसावेत की जॅकेटमधले कोपराचे आणि खांद्याचे पॅड जागेवरून सरकतील किंवा मान वळवून मागे पाहता येणार नाही. बुटात दोन-दोन मोजे कोंबल्याने पाय अधिक गार पडतात, कारण घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते.

हात मात्र सर्वांत आधी हार मानतात आणि ब्रेक, क्लच, एक्सिलरेटर सगळे त्यांच्याच ताब्यात असते. थांब्यावर पोहोचलेल्या रायडरकडे नीट पाहावे. तो हेल्मेटच्या पट्ट्याशी झटापट करतो आहे, दोन कड्यांतून पट्टा ओढून काढायला त्याला दातांनी ग्लोव्ह काढावा लागतो आहे, आणि तरीही बोटांना कडी सापडत नाही, असे दिसले तर गेली वीस मिनिटे त्याचा ब्रेकही तसाच उशिरा लागत होता हे समजून घ्यावे. गरम होणाऱ्या ग्रिप, हँडलवर बसवायचे कापडी आवरण आणि हिवाळी ग्लोव्हज यांवर केलेला खर्च मी इतर कोणत्याही सामानाच्या आधी धरीन. विजेवर तापणारे जॅकेट घेताना गाडीचा आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, किती क्षमतेचा आहे ते पाहावे. मोठ्या टूरिंग गाडीला ते जड जात नाही, पण लहान एक-सिलिंडर गाडीवर जॅकेट, ग्लोव्हज आणि ग्रिप एकदम चालू केल्यास बॅटरी उतरत जाते. व्हायझरवर वाफ धरू नये म्हणून आतून बसवायची पिनलॉकसारखी दुसरी काच उत्तम. काळी व्हायझर घालून निघणाऱ्याने साधी व्हायझर बरोबर घेतलीच पाहिजे.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

सर्वांना इंजिने बंद करून, हेल्मेट हातात घेऊन एकत्र उभे करावे. लीड कोण, सर्वांत शेवटी राहणारा स्वीप कोण, पहिला थांबा कुठे, कोणाकडे प्रथमोपचाराची पेटी आहे आणि कोणाकडे पंक्चरचे सामान, हे नावानिशी सांगावे. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये लीड आणि स्वीप यांचे नंबर असावेत, तसेच हॉटेलचा पत्ता असावा, म्हणजे मागे राहिलेला रायडर घाबरून वेग वाढवणार नाही. खड्डा किंवा खडी दाखवण्याची, पेट्रोलसाठी टाकीवर थाप मारण्याची आणि एकेरी रांगेत येण्याची खूण एकदा करून दाखवावी, पण वीस खुणांची यादी वाचून दाखवू नये, कारण जाड ग्लोव्हमधली बोटांची खूण मागच्याला कळतही नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत चकचकीत फॉइलचे पांघरूण हवेच. हिवाळ्यात जखमी माणसाची ऊब थंड जमिनीकडून फार वेगाने ओढली जाते, म्हणून त्याला न हलवता जमेल तितके अंगाखाली आणि अंगावर काहीतरी घालावे. श्वास अडत नसेल तर अप्रशिक्षित माणसाने त्याचे हेल्मेट काढू नये.

गट सहा-सातपेक्षा मोठा असू नये. वीस जण असतील तर तीन गट करावेत, प्रत्येकाला स्वतःचा लीड आणि स्वीप द्यावा आणि पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडावे. वीस गाड्यांची एकच रांग छायाचित्रात छान दिसते, बाकी तिचा उपयोग काही नाही.

रस्त्यावर

नवखा किंवा लहान गाडीवरचा रायडर लीडच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. लीडने वेग थोडा वाढवला की तो फरक मागे मागे वाढत जातो आणि शेवटच्या माणसाला पुढच्यांना गाठण्यासाठी खूपच जोरात यावे लागते. म्हणून नवख्याला शेवटी ठेवणे ही दयाळूपणाच्या नावाखाली केलेली शिक्षा ठरते. लीडने प्रत्येक चौकानंतर आणि गावाबाहेर पडल्यावर अर्धा मिनिट सावकाश चालावे.

सरळ, कोरड्या रस्त्यावर तिरकी रांग ठेवावी. लीड रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूने, दुसरा कडेच्या बाजूने, तिसरा पुन्हा मध्याकडे, याप्रमाणे. उन्हाळ्यात तिरक्या शेजाऱ्यापासून एक सेकंद आणि थेट पुढच्यापासून दोन सेकंद अंतर पुरेसे मानले जाते. थंड, ओलसर रस्त्यावर ते निदान दुप्पट करावे. वळणे, अरुंद रस्ता, पूल आणि सावलीचे पट्टे यांत तिरकी रांग मोडून एकेरी व्हावे आणि प्रत्येकाने स्वतःची वाट स्वतः निवडावी. ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः पाहून, एकेकट्याने करायचा असतो. पुढचा गेला म्हणून मागच्याने जाऊ नये, आणि पुढे गेलेल्याने पुढच्या गाडीच्या तोंडाशी न रेंगाळता मागच्यासाठी जागा सोडावी.

लीडने रस्त्याइतकेच रस्त्याच्या कडेला पाहत राहावे. उन्हात गवतावरचे गोठलेल्या दवाचे पांढरे थर साडेदहापर्यंत वितळतात, पण एखाद्या घराच्या किंवा झाडांच्या रांगेच्या सावलीत ते दुपारीही तसेच राहतात, इतके की पांढऱ्या भागाची कड त्या सावलीच्या आकारानेच कापलेली दिसते. कडेचे गवत पांढरे आहे तिथल्या डांबरावर सकाळपासून ऊन पडलेले नाही, आणि त्यावर डोळ्यांना दिसतच नाही असा बर्फाचा पातळ पापुद्रा असू शकतो. अशा ठिकाणी आधीच, सरळ रस्त्यावर वेग कमी करून घ्यावा. पापुद्र्यावर गाडी गेलीच तर ब्रेक लावू नये, गिअर बदलू नये, गाडी उभी ठेवून एक्सिलरेटर अलगद सोडावा आणि सरळ पार व्हावे.

चाळीस-पन्नास मिनिटांनी एक थांबा घ्यावाच, कोणी मागितला नाही तरी. थांब्यावर थरथरणारा, शब्द अडखळत बोलणारा, किल्ली सारखी खाली पाडणारा किंवा विचारलेल्याला एका शब्दात उत्तर देऊन गप्प होणारा माणूस स्वीपने शोधावा. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू झाला असे वैद्यकशास्त्र मानते, आणि त्या अवस्थेत माणूस स्वतःच ‘मी ठीक आहे’ असे ठामपणे सांगतो. त्याला आत नेऊन कोरडे कपडे आणि गरम, गोड पेय द्यावे. थरथर थांबली पण तो गोंधळलेलाच आहे, तर ती सुधारणा नसून धोक्याची खूण आहे. तेव्हा वैद्यकीय मदत बोलवावी आणि त्याला पुन्हा गाडीवर बसू देऊ नये.

जेवणानंतर

ग्लोव्हज आणि गळपट्टी आत शिरल्याबरोबर सुकत टाकावी, पण चामड्याचे ग्लोव्हज थेट हीटरवर ठेवू नयेत, ते कडक होऊन चिरतात. मद्य कोणीही घेऊ नये. ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून ऊब असल्याचा भास निर्माण करते आणि आतली ऊब बाहेर घालवते, त्यामुळे हिवाळ्यात त्याचे तोटे दोन होतात. जेवण बेताचे घ्यावे. आयोजकाने निघण्याच्या वीस मिनिटे आधी एकदा सांगावे आणि बिल त्याच वेळी मागवावे, कारण वीस जणांना कपड्यांचे थर चढवायला खरोखरच पंधरा मिनिटे लागतात.

बाहेर आल्यावर सगळ्यांना उबदार आणि सुस्त वाटत असते, पण गाड्या पावणेदोन तास थंडीत उभ्या राहिलेल्या असतात. टायर सकाळइतकेच गार झालेले असतात आणि हॉटेलसमोरचे पहिले वळण त्याच गार टायरांवर घ्यायचे असते. पहिले आठ-दहा किलोमीटर सकाळसारखेच हळू चालावे. तीननंतर दिवसभर वितळलेले पाणी सावलीत पुन्हा गोठू लागते, म्हणजे सकाळी लीडने टाळल्या तशाच जागा परतीच्या रस्त्यावरही टाळाव्या लागतात. वेळापत्रक अर्ध्या तासाहून अधिक घसरले असेल तर मधला चहाचा थांबा गाळावा, पण वेग वाढवून वेळ भरून काढू नये. जो थकला आहे किंवा ज्याचे घर वाटेतच आहे त्याने वेगळे व्हायला हरकत नाही, मात्र निघण्यापूर्वी स्वीपला सांगितले पाहिजे. नाहीतर स्वीप त्याला शोधत अंधार पडेपर्यंत मागेच राहतो.

घरी पोहोचल्यावर ग्रुपवर एक शब्द टाकावा आणि आयोजकाने यादीतली नावे खोडत जावी. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलेली गाडी त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवावी, विशेषतः ब्रेकचे कॅलिपर, रेडिएटर आणि सायलेन्सरची खालची बाजू. मग चेन पुसून, ती थोडी कोमट असतानाच, तिला वंगण लावावे. सकाळपर्यंत थांबल्यास मिठामुळे कड्यांवर तांबूस गंज धरू लागतो.